जय्याता गल्लीतलं सातवं दार

सी मफद्दल रगून यांनी एकतीस वर्षं मोरोक्कोतल्या तेतुआन शहराच्या मोजणी कचेरीत नकाशे काढले, आणि रोज कचेरीतून सुटल्यावर त्याच पेन्सिलीने कादंबरी काढली. लिहिली असं म्हणणं जरा धाडसाचं होईल. चारशे बारा पानं, आणि विषय एकच: ते स्वतः जन्मापासून राहत होते ती जय्याता गल्ली. गल्ली कमानीपाशी तीन मीटर दहा, भट्टीपाशी दोन मीटर चाळीस, आणि मधे हाजी रुहूनींच्या भिंतीचं पोट पुढे आलंय तिथे एक मीटर नव्वद. चुन्याचे थर किती, पाण्याची नळी कुठून वळते, कुठल्या दाराला कुठल्या साली रंग दिला, सगळं त्यात होतं. माणूस पहिल्यांदा दिसायचा तो त्रेसष्टाव्या पानावर, आणि नीट वाचलं तर तेही मांजर निघायचं.

“अहो, पण त्या गल्लीत कुणी राहतं की नाही?” त्यांची बायको लल्ला रहीमो पीठ मळता मळता विचारायची.

“राहतात ना. पण आधी जागा उभी राहू दे. ओल्या भिंतीत कुणी बिऱ्हाड थाटतं का?”

“चौदा वर्षं झाली. एवढ्यात तर आपली पोरं वाढली, लग्नं होऊन गेली. तुमची भिंत काही वाळेना.”

यावर सी मफद्दल दोनदा घसा साफ करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, “मोजून सांगतो.” हे त्यांचं प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं. जेवायला काय करू, मोजून सांगतो. मुलगी झाली, मुबारक, मोजून सांगतो. गल्लीतल्या सगळ्यांना त्यांची नक्कल यायची. ज्याला येत नसे त्याला गल्लीत नवखा समजत.

दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर युवक भवनात लेखकांची बैठक भरायची. युवक भवनात पन्नाशीच्या आतला माणूस फक्त पत्ता चुकला तर यायचा. बैठकीचे प्रमुख उस्ताद बिनअजीबा हे जुने अरबी शिक्षक. कुणाचंही काहीही ऐकलं की डोळे मिटून म्हणायचे, “बेशक... बेशक...” आणि दुसऱ्या ‘बेशक’नंतर नेमकं उलटं मत द्यायचे. त्यांच्या उजव्या हाताला औषधांच्या दुकानाचे मालक सी तुहामी बसायचे. ते कवी. दर आठवड्याला एक कविता वाचायचे आणि प्रत्येकीत चंद्र असायचा. चंद्र तोच, फक्त त्याला बघून रडणारी बाई कधी खिडकीत, कधी गच्चीत. बाकी दोघं-तिघं वर्तमानपत्राला पत्रं लिहिणारे. सी मफद्दल वाचायला उभे राहिले की कागद हातभर लांब धरायचे, आणि प्रत्येक आकड्यानंतर थांबायचे, जणू समोरचे वहीत टिपून घेताहेत. समोरचे तोवर झोपलेले असायचे.

एका गुरुवारी उस्तादांनी जाहीर केलं, की नगरपालिका शहराच्या गोष्टींचं एक पुस्तक छापणार आहे. प्रत्येक मोहल्ल्याच्या बैठकीने एकच गोष्ट पाठवायची. गोष्ट त्या मोहल्ल्यातच घडलेली हवी. निवड तीन आठवड्यांनी.

सी मफद्दल यांनी मनातल्या मनात बैठक मोजली. तुहामीचा चंद्र बाद, कारण तो गोष्ट नाही. पत्रवाले बाद. राहिलं कोण? चौदा वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो स्वतःच्या पायांनी चालत आला होता. घरी येऊन त्यांनी कादंबरीतून चौदा पानं निवडली, कमानीपासून भट्टीपर्यंतची, आणि फोटोसाठी कुठला जुब्बा घालायचा तेही ठरवून टाकलं.

पुढच्या गुरुवारी शमा आली.

शमा म्हणजे गल्लीतल्या हमामच्या दाराशी बसणारी बाई. आत न्हायला जाणाऱ्या बायकांची कपड्यांची गाठोडी सांभाळायची, कुणाचं कुठलं ते कधी चुकायची नाही. जबालाच्या डोंगरातून लग्न होऊन इथे आली, नवरा लवकर गेला, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी मशिदीतल्या बायकांच्या वर्गात अक्षरं शिकली. बोलणं अजून डोंगरातलंच होतं. तेतुआनच्या जुन्या घराण्यांतल्या बायका तिच्या बोलण्याची नक्कल करून पोट धरून हसायच्या, मग गाठोडं तिच्याच हवाली करून बिनघोर आत जायच्या.

“मला वर्गातल्या मास्तरीणबाईंनी धाडलंय,” ती दारातच उभी राहून म्हणाली. “म्हनल्या, जाऊन वाच. मी म्हनलं, हसतील. त्या म्हनल्या, हसू देत. म्हनून आले.”

“बेशक,” उस्ताद म्हणाले. “बेशक, आज वेळ थोडा आहे.” म्हणजे वेळ भरपूर होता.

तिची गोष्ट शाळकरी वहीत होती. दामिया नावाची नवी सून जय्याता गल्लीत येते. पहिल्याच सकाळी सासू तिला पाव मळायला लावते आणि भट्टीवर धाडते. आता भट्टी एक आणि घरं अनेक, म्हणून प्रत्येक घर आपल्या पावावर आपली खूण करतं. कुणी काट्याने टोचतं, कुणी किल्ली दाबतं. सासू खूण सांगायची विसरते, किंवा विसरली असं दाखवते. दामिया आपल्या आईची खूण करते: तीन बोटं. पाव भाजून होतात, ज्याच्या त्याच्या घरी जातात, आणि तीन बोटांचा पाव फळीवर एकटा उरतो. मग भट्टीवाला अय्याद ती फळी डोक्यावर घेऊन दारोदार निघतो: हा तुमचा का?

झालं. गोष्ट एवढीच. पण तो दारोदार निघाला आणि सी तुहामी जागे झाले.

पहिलं दार चार बोटं उघडलं. फटीतून एक डोळा दिसला आणि तळलेल्या सार्डिन माशांचा वास आला. डोळा म्हणाला, आमचा नाही. दुसऱ्या दारात दोन जावा एकमेकींकडे बोट दाखवत होत्या. मग हाजींच्या भिंतीचं पोट आलं. शमाने वाचलं, “इथे अय्याद आडवा झाला, कारण डोक्यावर फळी असली की इथून सरळ जाता येत नाही.”

आणि बैठकीतल्या सगळ्यांनी खांदा तिरका केला. खुर्चीत बसल्या बसल्या. उस्तादांनीसुद्धा. सी मफद्दल यांच्या लक्षात आलं की आपलाही डावा खांदा पुढे गेलाय. त्यांनी तो झटकन मागे घेतला, पण व्हायचं ते नुकसान झालं होतं. त्या भिंतीवर त्यांनी स्वतः तीन पानं लिहिली होती. पोटाचा फुगवटा, त्याची कारणं, पाऊणशे वर्षांतली वाढ. तीन पानांत एकाचाही खांदा हलला नव्हता.

पुढच्या एका दारात एक म्हातारा होता. त्याने पाव बघितला, अय्यादकडे बघितलं, आणि म्हणाला, माझाच. त्याच्या घरात चार दिवस पीठ नव्हतं हे अय्यादला ठाऊक होतं. अय्याद म्हणाला, बाबा, तुमची खूण तर किल्लीची. म्हातारा म्हणाला, किल्ली हरवली, म्हणून बोटं लावली. हा म्हातारा म्हणजे शेजारचा सपाता शिवणारा बा सलाम, हे सगळ्यांनी ओळखलं आणि सगळे हसले, आणि हसता हसता एकदम गप्प झाले. शेवटी सासूचं दार. सून मागे उभी असताना सासू म्हणते, आमचा नाही. आणि दुसऱ्या सकाळी, काही न बोलता, सुनेच्या तीन बोटांशेजारी आपल्या काट्याची खूण दाबते.

शमाने वही मिटली. “संपली,” ती म्हणाली. “लांबली व्हय?”

सी तुहामी चष्मा पुसत होते, आणि या खेपेला चंद्राचा काही संबंध नव्हता.

“बेशक,” उस्ताद म्हणाले. दुसरं ‘बेशक’ आलंच नाही.

ते दुसरं ‘बेशक’ न येणं सी मफद्दल यांच्या छातीत रुतलं. तरी ते वर तोंड करून म्हणाले, “छान. भाषा साधी आहे. जागेचा अभ्यास किती, ते मात्र मोजून सांगावं लागेल.”

“मग सांगा की!” शमाचा चेहरा उजळला. तिने वही सरळ त्यांच्या हातात दिली. “तुम्ही गल्लीचं सगळं जानता. चूक असंल ती काढा. मला राग न्हाई यायचा.”

घरी येईपर्यंत त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. हमामच्या दाराशी बसणारी! पंचेचाळिसाव्या वर्षी अलिफ शिकलेली! लल्ला रहीमोने बैसाराचा, बाकल्याच्या दाट कढणाचा, वाडगा पुढे ठेवला, त्यावर तेल सोडलं, जिरं भुरभुरलं. त्यांनी चमचाही लावला नाही.

“वाईट होती का गोष्ट?” तिने विचारलं.

“वाईट असती तर जेवलो असतो.”

दुसऱ्या दिवसापासून गल्लीने एक नवं दृश्य पाहिलं. सी मफद्दल एका हातात शमाची वही आणि दुसऱ्या हातात टेप घेऊन फिरत होते. पहिल्या दारातून चार बोटांच्या फटीतून खरंच एकच डोळा दिसतो का? त्यांनी दारवालीला दार चार बोटं उघडायला लावलं. एकच दिसला, आणि तो चांगलाच वटारलेला होता. सासूच्या उंबऱ्यावर भट्टीवरची हाक ऐकू येते का? त्यांनी लल्ला रहीमोला भट्टीपाशी उभं केलं.

“काय ओरडू?” ती तिथून ओरडली.

“काहीही!”

“जेवायला या, नाहीतर मांजराला घालते!”

ऐकू आलं. पूर्ण गल्लीला ऐकू आलं. गोष्टीत चूक नव्हती. जे जिथे असायला हवं ते तिथेच होतं, आणि बाईने मीटर-सेंटीमीटरचा एकही आकडा लिहिला नव्हता. हीच तर खरी आग होती. यांनी चौदा वर्षं टेप धरून जे पकडलं नाही ते हिने गाठोडी सांभाळता सांभाळता उचललं कुठून?

मग त्यांनी शेवटचा उपाय केला. मोठा कागद पसरला आणि तिच्या गोष्टीचाच नकाशा काढला, एकास शंभर. अय्याद जसा जसा चालतो तशी तशी पेन्सिल पुढे. डावीकडचं दार, उजवीकडचं, भिंतीचं पोट, म्हातारा, सासू. मग दारं मोजली. पुन्हा मोजली.

“सापडली!” ते ओरडले. “अगं, सापडली! गल्लीत दारं बारा. हिच्या गोष्टीत अकरा! ठार मेली!”

लल्ला रहीमो पिठाच्या हातांनीच आली. “बरं. मग कुठलं राहिलं?”

सी मफद्दल यांनी आपला जुना नकाशा शेजारी ठेवला आणि पेन्सिलीचं टोक एकेका दारावरून नेलं. पाचवं आहे. सहावं म्हातारा, आहे. आठवं रंगाऱ्याचं, आहे. पेन्सिल मागे आली आणि मधे थांबली.

“सातवं,” ते म्हणाले.

“सातवं म्हणजे आपलं.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी घसा साफ केला नाही.

“म्हणजे सार्डिन तळणारी आहे, भांडणाऱ्या जावा आहेत, बा सलामसुद्धा आहे,” लल्ला रहीमोचा आवाज चढला, “आणि मी नाही? माझा पाव रोज भट्टीवर जातो! बावीस वर्षं तिच्याच हमाममध्ये न्हाते मी! हे तुमच्यामुळे झालं. तुमच्याबरोबर मलाही वगळलं. मी येते गुरुवारी. मला विचारायचंच आहे तिला.”

निवडीच्या गुरुवारी बैठक भरगच्च होती, कारण टेप घेऊन फिरणारा माणूस कसला बेत करतोय हे गल्लीला कळायला वेळ लागत नाही. बा सलामही आला होता, त्याला वाचता येत नसताना. सी मफद्दल यांनी भिंतीवर नकाशा लावला, हातात काठी घेतली, दोनदा घसा साफ केला.

“जागा म्हणजे खेळ नाही,” त्यांनी सुरुवात केली. “जो लेखक जागेशी बेइमानी करतो तो वाचकाशी करतो. शहराच्या पुस्तकात शहर खोटं छापून चालेल का? या गोष्टीत जय्याता गल्लीला अकरा दारं आहेत. प्रत्यक्षात बारा. भट्टीवाला एक दार टाळून पुढे गेलाय. पुरावा समोर आहे.”

लोकांनी माना वाकवून पाहिलं. उस्ताद म्हणाले, “बेशक. पण राहिलेलं दार कुणाचं?”

“ते महत्त्वाचं नाही.”

“सातवं दिसतंय,” सी तुहामी नाक नकाशाला लावून म्हणाले. “हे तर... सी मफद्दल, हे तुमचं दार!”

एवढा हशा झाला, की युवक भवनाचा चौकीदार आत डोकावून गेला. बा सलाम सगळ्यात मोठ्याने हसला. तो गोष्टीत होता ना.

शमा हसली नाही. ती उठून नकाशापाशी आली. “व्हय,” ती म्हणाली. “राहिलंय. मीच सोडलं. तीन दिवस अय्यादला तुमच्या दारात उभा केला मी, सी मफद्दल. काय बी होईना. दार हिरवं, कडी पितळंची, उंबरा एवढा उंच, समदं ठाऊक हाय. तुम्हीच वाचून दाखवलंय म्हनं दोनदा, तासभर. पर दार उघडतं कोन, त्ये काय समजंना. लल्ला रहीमो हमाममदी येतात, त्या बोलतात. पर तुम्ही? अय्याद इचारील, हा तुमचा का? तुम्ही काय म्हनाल, त्ये मला ऐकूच येईना. ज्याचा आवाज येत न्हाई त्याचं दार कसं लिवनार?”

सगळे सी मफद्दल यांच्याकडे पाहू लागले. आणि तिचा प्रश्न त्यांनी अगदी मनापासून घेतला. अय्याद समोर उभा आहे, डोक्यावर फळी, फळीवर तीन बोटांचा पाव. त्यांनी दोनदा घसा साफ केला.

“मी म्हणेन,” ते म्हणाले, “आधी मोजू दे. आमचा पाव एकवीस सेंटीमीटरचा असतो.”

“आणि मी आतून ओरडेन,” लल्ला रहीमो मागच्या रांगेतून म्हणाली, “अहो, त्या माणसाला आत तरी घ्या! पाव गार होतोय, आणि पट्टी कालच तुम्ही पिठाच्या डब्यात विसरलात!”

या वेळी हशा नव्हता, स्फोट होता. उस्तादांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक गुडघ्यांवर थापा मारत होते. आणि या सगळ्या गोंधळात शमा खाली बसून, टेबलावरची आपली वही मांडीवर घेऊन, जीभ दातांत धरून भराभर लिहीत होती.

“काय लिहितेस?” सी मफद्दल यांनी वाकून विचारलं.

“तुमचं दार.” तिने मान वर केली नाही. “आत्ता उघडलं.”

तिने तिथल्या तिथे वाचून दाखवलं. हिरवं दार उघडायला वेळ लागला. उघडलं तेव्हा त्यात एक माणूस पट्टीशिवाय उभा होता आणि म्हणून घाबरलेला होता. पुढचं नीट ऐकू आलं नाही, कारण लोक हसत होते, आणि लल्ला रहीमो सगळ्यांत पुढे येऊन म्हणत होती, “पुन्हा वाच गं, तो पिठाचा डबा पुन्हा वाच.”

उस्तादांनी टेबलावर हात आपटून शांतता केली. “बेशक, सी मफद्दल बरोबर होते. गोष्टीत एक दार कमी होतं. आता गल्ली पुरी झाली. हीच गोष्ट जाईल.” मग ते जरा थांबले. “पण यात तुम्ही आहात. तुमची हरकत असेल तर आपल्याला ही ओळ ठेवता येणार नाही. आणि ही ओळ नसेल तर, तुम्हीच सिद्ध केलंय, गोष्ट खोटी ठरते. मग तुमची चौदा पानं पाठवू. तुम्ही सांगाल तसं.”

असा मोका आयुष्यात पुन्हा आला नसता. एक ‘नाही’ म्हटलं की पुस्तकात कमान, नळी, चुन्याचे थर, आणि मुखपृष्ठाच्या आत त्यांचं नाव. त्यांनी बैठकीकडे पाहिलं. लोक अजून डोळे पुसत होते. त्यांच्या चौदा पानांना कुणी कधी डोळे पुसले नव्हते. पुसले असतील तर झोपेतून उठल्यावर. शमाकडे पाहिलं. ती वही छातीशी धरून उभी होती आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. गेले पंधरा दिवस त्यांना हेच तर बघायचं होतं. आता दिसलं, आणि कसं कोण जाणे, त्यात चव नव्हती.

“गोष्टीत मला काय म्हटलंय?” त्यांनी विचारलं. “हिरव्या दारातला माणूस?”

“नाव न्हाई घातलं मी,” शमा घाईघाईने म्हणाली. “लोक चिडवतील तुम्हाला.”

“नाव घाल.”

“आँ?”

“पूर्ण घाल. मफद्दल रगून. मोजणी कचेरी, निवृत्त. हिरव्या दारातला माणूस कुणीही असू शकतो. उद्या बा सलाम म्हणेल, तो मीच.”

चार महिन्यांनी पुस्तक आलं. न्हाव्याकडे एक प्रत, हमाममध्ये एक, भट्टीवर पिठाने माखलेली एक. गल्लीतून जाणारे आता सातव्या दारापाशी येऊन विचारायचे, “सी मफद्दल, हा पाव तुमचा का?” आणि ते खरंच दार उघडायचे, आणि कपाळावरचा चष्मा खाली घेऊन विचारणाऱ्याकडे पाहायचे.

पुस्तक आलं त्या दिवशी मात्र त्यांनी ते कुणाला दाखवलं नाही. आपल्या खोलीत नेलं, ती गोष्ट काढली, आणि पेन्सिल घेऊन ओळी मोजल्या. मग लल्ला रहीमोला हाक मारली.

“मला नऊ ओळी आहेत,” ते म्हणाले. “त्यातल्या चार तुझ्या.”

“मग? छान आहेत की.”

“बा सलामला चौदा!” त्यांनी पेन्सिल पुस्तकावर आपटली. “चौदा ओळी, रहीमो! त्या माणसाला वाचताही येत नाही! रोज न्हाव्याच्या खुर्चीत बसून वाचून घेतो, आणि म्हाताऱ्याचं वाक्य आलं की म्हणतो, जरा सावकाश!”

पुढचे दोन महिने सी मफद्दल बा सलामशी बोलले नाहीत. सपाता उसवल्या तेव्हा त्या शिवून घ्यायला कमानीबाहेरच्या चांभाराकडे गेले.